गटसंमेलन ते ग्रुप : आमच्या केंद्राची वाटचाल

शाळेचा इतिहास लिहायला बसले की इमारत असते, पट असतो, मुख्याध्यापकांच्या नावांचा फळा असतो. केंद्राचे तसे नाही. केंद्राच्या मालकीचे म्हणाल तर केंद्रशाळेतली एक खोली, एक लोखंडी कपाट आणि एक रजिस्टर. बाकी सगळी माणसेच. देवगाव रंगारीच्या आसपासच्या गावांमधले आणि वस्त्यांवरचे जिल्हा परिषदेचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, एकमेकांचा पाठ बघतात, एकमेकांकडून शिकतात, आणि गेल्या काही वर्षांत हेच काम रोज रात्री मोबाइलवरही करतात. या स्मरणिकेसाठी ज्या संस्थेचा इतिहास मी लिहितो आहे ती ही. माझी बहुतेक नोकरी याच भागात झाली, त्यामुळे हा इतिहास बराचसा डोळ्यांदेखतचा आहे.

सुरुवात मात्र फार मागून करावीशी वाटते, कारण आमच्या गावाला तो मान आहे. संत बहिणाबाईंचा जन्म देवगावचा, 1628 मधला. समाधी इथून जवळच शिऊरला. वैजापूर तालुक्यातल्या त्या समाधीला आमच्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. बहिणाबाईंनी गुरू केला तो तुकोबांना, पण तुकोबा देहूला आणि ही मुलगी आईवडील, नवरा यांच्याबरोबर गावोगाव फिरत कोल्हापुरात पोहोचलेली. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग तिच्या कानावर पडले. गुरू दिसण्याआधी गुरूचा शब्द पोहोचला, तोही तिसऱ्याच माणसाच्या तोंडून. स्वप्नात उपदेश झाला, आणि देहूला प्रत्यक्ष दर्शन झाले ते त्यानंतर. पुढे तिने स्वतःचे सगळे शिकणे अभंगांतून सांगून ठेवले, म्हणून ते आज आपल्याला कळते. दुरून शिकता येते, मधे कोणीतरी नेणारा लागतो, आणि शिकलेले सांगून ठेवावे लागते, एवढ्या तीन गोष्टी या गावच्या लेकीच्या चरित्रात आहेत. केंद्राचा विचार करताना मला त्या पुन्हा पुन्हा आठवतात.

मराठवाड्यात शाळा उशिरा रुजल्या. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्याच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. गावोगाव शाळा उघडल्या, पण शिक्षक एकटा पडला. एक खोली, एक गुरुजी, चार वर्ग. 1987 मध्ये खडू-फळा मोहीम आली तीच मुळी शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत म्हणून, यावरून आधीची स्थिती समजून घ्यावी. एका गुरुजींनी पहिलीला अक्षर गिरवायला लावायचे, दुसरीला पाढे म्हणायला सांगायचे, तिसरीला बेरजा घालायच्या आणि चौथीला शिकवायचे. आपण करतो ते बरोबर की चूक हे विचारायला शेजारच्या वर्गात कोणी नाही. शाळा तपासायला साहेब येत, पण साहेबाला कोणी आपली अडचण सांगत नसे. साहेबापुढे सगळे उत्तमच चालू असे.

हा एकटेपणा मोडला तो 1994 नंतर. त्या वर्षी देशात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत औरंगाबाद होता. लातूर, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे बाकीचे चार, म्हणजे पहिली खेप सगळी मराठवाड्याचीच. तालुक्याला गट साधन केंद्र, त्याखाली दहा-पंधरा शाळांचे समूह साधन केंद्र, आणि त्यावर केंद्रप्रमुख. महिन्यातून एक दिवस गटसंमेलन. जुने शिक्षक आजही शिक्षण परिषदेला गटसंमेलनच म्हणतात.

गटसंमेलनाचा दिवस डोळ्यांपुढे आहे. कोणी सायकलवर, कोणी एसटीने, कोणी काळीपिवळीत दाटीवाटीने बसून येई. केंद्रशाळेच्या मोठ्या खोलीत सतरंज्या. एक जण आदर्श पाठ घेई, समोर खरी मुले, मागे आम्ही पंचवीस-तीस जण. पाठ संपला की चर्चा. पहिली दोन-तीन वर्षे चर्चा म्हणजे नुसते कौतुक होते. "सरांनी फार छान पाठ घेतला, साहित्य सुंदर होते." मग एकदा वस्तीवरच्या शाळेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "पाठ छान झाला सर, पण मागच्या दोन पोरांना काहीच कळलं नाही. मी त्यांच्याकडंच बघत होते. माझ्या वर्गातही तसंच होतं. काय करायचं ते सांगा." खोली शांत झाली. पाठ घेणारे सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाई, मलाही ते दिसत होतं."

केंद्राची खरी स्थापना माझ्या मते त्या दिवशी झाली. तारीख कुठल्या शासन निर्णयात सापडणार नाही. त्यानंतर संमेलनात "अडचण" हा शब्द मोकळेपणी येऊ लागला. कोणी मोडलेले साहित्य घेऊन येई, कोणी मुलाची वही. जेवणाच्या सुटीत डबे उघडले की खरे प्रशिक्षण सुरू होई : ठेचा, भाकरी, आणि "तुझ्या पोरांना घड्याळ कसं शिकवलंस रे?"

शिक्षकांनी शिक्षकांसाठी काही चालवावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. पुण्यात 1861 मध्ये 'मराठी शालापत्रक' निघाले. चिपळूणकर पितापुत्रांचा, कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री यांचा, त्याच्याशी जवळचा संबंध. आजचे 'जीवन शिक्षण' मासिक आपली परंपरा त्याच वर्षापासून सांगते. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांची 'शिक्षणपत्रिका' बालशिक्षणात काम करणाऱ्यांना एकमेकांशी जोडत होती. आमच्या शाळेत 'जीवन शिक्षण'चा अंक येई तेव्हा त्यातला एखाद्या शिक्षकाचा अनुभव मी दोनदा वाचत असे. पण त्या शिक्षकाला विचारायचे कसे? पत्र लिहायचे, उत्तर आले तर पंधरा दिवसांनी. तोवर तो घटक संपून गेलेला असे.

मोबाइलने हे पंधरा दिवस पंधरा मिनिटांवर आणले.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. 20 सप्टेंबर 2004 रोजी एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह आकाशात गेला, तेव्हा आम्हाला फार अप्रूप वाटले. पण उपग्रहावरून बोलणारा बोले आणि ऐकणारा ऐके. परत विचारायला फारसा वाव नसे.

वळण आले ते 2013 ते 2015 या काळात, आणि ते साताऱ्याकडून आले. कुमठे बीटच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद पुस्तकातून काढून फरशीवर आणला. वर्गाच्या जमिनीवर रंगवलेल्या चौकटी, अंकांच्या पट्ट्या, अक्षरांची जाळी. मुलांच्या हातात चिंचोके, मणी, काड्या. खडू-फळा बाजूला, मुले गोल करून स्वतः खटपट करताहेत. महाराष्ट्रभरातून हजारो शिक्षक कुमठ्याला जाऊन ते बघून आले. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याला संदीप गुंड यांची डिजिटल शाळा बघायला असेच लोक जात होते. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर अशा शाळाभेटींना आणखी जोर आला.

आमच्याकडचेही काही जण रजा टाकून, पदरच्या पैशाने गेले. पूर्वी असे कोणी जाऊन आले की पुढच्या गटसंमेलनात तोंडी सांगत असे, आणि सांगताना निम्मे गळून जाई. या वेळी ते कुमठ्यात उभे असतानाच आमच्या फोनवर फोटो येत होते. फरशीवरची चौकट किती फुटांची, रंग कोणता वापरला, पुसला जातो का, हे आम्ही इथून विचारत होतो आणि तिथल्या बाई स्वतः उत्तर देत होत्या. आठवड्याभरात आमच्या दोन शाळांची फरशी रंगली. रंगारी हे नाव मिरवणाऱ्या गावाच्या केंद्रात गुरुजी आणि बाई गुडघ्यांवर बसून, हाताला ऑइलपेंट लावून वर्ग रंगवताहेत, हे दृश्य मी विसरणार नाही.

त्याच सुमाराला केंद्राचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. तेव्हा ग्रुपात शंभर जणच मावत, 2016 मध्ये ती मर्यादा 256 झाली. आम्हा केंद्रातल्यांना ते भरपूर होते, पण जिल्ह्याच्या आणि राज्याच्या ग्रुपांत जागेसाठी रांग असे. एक जण बाहेर पडला की दुसरा आत. 'कृतिशील शिक्षक महाराष्ट्र' हा शिक्षकांनी स्वतः बांधलेला समूह असाच जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरला.

या ग्रुपवर नेमके काय होते, ते एका उदाहरणाने सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटते की आम्ही नुसते फॉरवर्ड करतो.

एका वस्तीवरच्या शाळेत नव्याने आलेल्या तरुण शिक्षकाने रात्री साडेआठला एका वहीच्या पानाचा फोटो टाकला. तिसरीच्या मुलीने 52 वजा 27 चे उत्तर 35 लिहिले होते. खाली त्याचा प्रश्न : "चार दिवस झाले, हातच्याची वजाबाकी समजावतोय. वर्गातल्या नऊपैकी सहा जणांचं हेच उत्तर. मी कुठं चुकतोय?" पहिले उत्तर आले, सराव वाढवा. दुसरे आले, पाढे कच्चे असतील. मग एका ज्येष्ठ बाईंनी लिहिले, "सर, पोरीनं चूक केलेली नाही, तिनं नियम पाळलाय. लहानातून मोठं जात नाही, म्हणून तिनं सातातून दोन काढले. पाचातून दोन काढले तीन, सातातून दोन काढले पाच. पस्तीस. उभी मांडणी तिला दोन वेगवेगळी गणितं दिसतीय. उद्या वही काढूच नका."

नंतर त्यांचा दोन मिनिटांचा आवाजी निरोप आला. पऱ्हाटीच्या सारख्या लांबीच्या काड्या तोडा. दहा-दहाच्या पाच जुड्या रबराने बांधा आणि दोन काड्या सुट्या ठेवा. मुलीला म्हणा, मला सत्तावीस दे. ती दोन जुड्या देईल आणि सात सुट्या शोधेल. सुट्या दोनच आहेत. "तिथं तुम्ही गप्प बसा सर. ती तुमच्या तोंडाकडं बघंल. तरी बोलू नका. पोरगं स्वतःच्या हातानं जुडी सोडतं तेव्हा त्याला हातचा कळतो. आपण सोडून दिली की त्याचं शिकणं आपण खाल्लं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ आला. मुलीचे फक्त हात दिसतात. ती सुट्या दोन काड्या बाजूला सरकवते, थांबते, एक जुडी उचलते, परत ठेवते, पुन्हा उचलते आणि रबर ओढते. त्या व्हिडिओखाली आमच्या केंद्रातल्या बहुतेकांनी काही ना काही लिहिले. पण मला महत्त्वाचे वाटले ते हे की त्या आठवड्यात आणखी तीन जणांनी आपापल्या वर्गातल्या चुकलेल्या वह्यांचे फोटो टाकले. त्यातले एक पंचवीस वर्षे नोकरी झालेले सर होते.

या प्रकाराचा जगात अभ्यास झालेला आहे. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोघांनी 1991 मध्ये पुस्तक लिहून दाखवले की कसब शिकले जाते ते त्या कसबाच्या माणसांत वावरून. त्यांच्या उदाहरणांत लायबेरियातले शिंपी आहेत, युकातानमधल्या सुईणी आहेत. आपल्याकडे रंगाऱ्याचे पोर रंगाच्या हंड्याजवळ बसूनच शिकत आले. पुढे इंटरनेट आल्यावर कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात 2008 मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम सगळ्या जगाला फुकट खुला केला, दोन हजारांहून अधिक लोक त्यात आले आणि एकमेकांकडूनच शिकले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2015 पासून राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोरममधल्या सरकारी शाळांसाठी जो उपक्रम चालवला, त्यात शिक्षकांचे मोबाइलवरचे ग्रुप हा प्रशिक्षणाचाच भाग होता. युनेस्कोचा 2017 चा पुरस्कार त्याला मिळाला. आमच्या केंद्रात ही नावे कोणी घेत नव्हते, पण कामाची जात तीच.

आपल्याच जिल्ह्यात गाडीवाटची जिल्हा परिषद शाळा आहे. 2019 मध्ये तिथल्या मुलांना विचारले, परदेशी भाषा कोणती शिकाल? रोबोटची आवड असलेली मुले म्हणाली, जपानी. शिक्षकांना जपानी येत नव्हती. त्यांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲपे घेऊन मुलांबरोबर स्वतः शिकायला घेतले. मग शहरातल्या एका भाषातज्ज्ञाने विनामूल्य ऑनलाइन वर्ग घ्यायला सुरुवात केली. ज्या मुलांकडे फोन नव्हता त्यांना शिकलेल्या मुलांनी शिकवले, विषयमित्र होऊन. आम्हाला गाडीवाटचे आकर्षण जपानीपेक्षा यासाठी वाटले की शिक्षकांनी "मला येत नाही" हे मुलांपुढे मान्य केले.

आणि 3 डिसेंबर 2020 ची संध्याकाळ. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. जिल्हा परिषदेचा शिक्षक, दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचा त्यांचा प्रयोग आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत आधीच पोहोचला होता, 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेल्या दीक्षा ॲपवर तो कोड उघडतो. त्या रात्री आमच्या ग्रुपवर बारा वाजेपर्यंत कोणी झोपले नाही. रक्कम वाटून देण्याची बातमी वाचून एका बाईंनी लिहिले, "हा आपल्यातलाच आहे." तो निरोप मी अजून जपून ठेवला आहे.

पुरस्कार आला तेव्हा शाळा बंदच होत्या. मार्च 2020 मध्ये त्या बंद झाल्या आणि पुण्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मालिका रोज फोनवर येऊ लागली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली'. पण आमच्या भागात घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, आणि बाप मक्याच्या नाहीतर अद्रकाच्या शेतात. ग्रुपवर सगळ्यांचा एकच सवाल होता : फोन नसलेल्या पोरांचे काय? उत्तरे वरून आली नाहीत, एकमेकांकडून आली. एकाने मंदिराच्या ओट्यावर पाच-पाच मुले अंतर ठेवून बसवली. एकीने स्वाध्यायाचे कागद किराणा दुकानात ठेवले. सामान न्यायला येणारी माणसे कागद नेत आणि सोडवलेले आणून देत. तिसऱ्याने गावातल्या बारावी झालेल्या मुलींना गल्ली वाटून दिली. सकाळी एका शाळेने केलेले संध्याकाळी चार शाळांत होई. त्या दीड वर्षात केंद्राची बैठक म्हणून खोलीत कोणी आले नाही, तरी केंद्र इतके जिवंत मी पूर्वी पाहिले नव्हते. ज्यांना पडद्यावरची बैठक जोडता येत नव्हती अशा जुन्या गुरुजींना तरुण शिक्षिकांनी फोनवर एकेक बटण सांगून शिकवले. साठीला टेकलेला माणूस पंचविशीच्या मुलीला "बाई, आता कुठं दाबू?" विचारतो, यात लाजण्यासारखे काही उरले नाही.

या वाटचालीत बिघाडही झाला, तो लिहिला पाहिजे. ग्रुप सोयीचा आहे हे कळल्यावर आदेशही त्यावरच येऊ लागले. "माहिती तात्काळ सादर करा", "आज पाच वाजेपर्यंत", "लिंक भरल्याचा स्क्रीनशॉट टाका". दिवसाला साठ-सत्तर निरोप. वर्गात मुले वाट बघताहेत आणि शिक्षक फोनमध्ये तक्ता भरतो आहे. वजाबाकीचा प्रश्न विचारणाऱ्याचा निरोप त्या गर्दीत वर सरकून दिसेनासा होई. वाईट याचे वाटते की जिथे साहेब असतात तिथे अडचण कोणी सांगत नाही, हा जुना दोष ग्रुपमध्येही परत आला. माणसे पुन्हा कौतुकाचे फोटो टाकू लागली.

शेवटी आम्ही दोन ग्रुप केले. एक कामकाजाचा. दुसरा फक्त शिकण्याचा, त्यात नियम तीनच : आदेश टाकायचा नाही, सुप्रभात टाकायचे नाही, आणि तयार टाचण किंवा चाचणी टाकली तर ती आपल्या वर्गात वापरून काय झाले हे दोन ओळींत लिहायचे. तिसरा नियम सगळ्यांत कठीण गेला. पण त्यामुळेच फॉरवर्ड थांबले आणि बोलणे सुरू झाले. केंद्रप्रमुखांनी या दुसऱ्या ग्रुपातून आपण होऊन बाहेर पडायची तयारी दाखवली. आम्ही म्हणालो, राहा, पण शिक्षक म्हणून राहा. ते राहिले, आणि पहिल्याच महिन्यात स्वतः घेतलेल्या एका फसलेल्या पाठाबद्दल त्यांनी लिहिले.

शिक्षण परिषद महिन्याला भरतेच. ती बंद करून सगळे फोनवर करावे अशी सूचना मधे आली होती. मी निवृत्त झालेलो असूनही विरोध करायला गेलो. जुडी सोडणाऱ्या मुलीचे हात फोनवर दिसले, पण त्या वेळी शिक्षकाचा चेहरा कसा होता, तो खरेच गप्प बसला की डोळ्यांनी खुणावत होता, हे खोलीत बसूनच दिसते. आणि डबे फोनवर उघडत नाहीत.

वजाबाकीचा प्रश्न विचारणारे ते शिक्षक पुढच्या परिषदेला आले तेव्हा पिशवीतून त्याच पऱ्हाटीच्या काड्या घेऊन आले होते. पाच जुड्या, दोन सुट्या. पाठ त्यांनीच घेतला. त्या जुड्या आता केंद्राच्या लोखंडी कपाटात रजिस्टरशेजारी असतात. रबरे दोनदा बदलली. नवा शिक्षक रुजू झाला की ज्येष्ठ बाई कपाट उघडून त्या त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, आठ दिवसांनी परत आणा, आणि काय झालं ते ग्रुपवर लिहा.